भिंतीला टांगलेल्या गाद्या

...नाही, पण एकाचा तरी विश्वास बसावा की नाही हो? एकाचा! नवऱ्याचा नाही, पोटच्या पोरीचा नाही, शेजारणींचा तर नाहीच नाही. पाद्रीबाबांचासुद्धा नाही! आणि पाद्रीबाबा, तुम्हाला सांगते, मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठून चालायला लागतो यावर दर रविवारी छातीठोक विश्वास ठेवतात, पण ओनेलियाच्या मागच्या खोलीत गाण्याचं रेकॉर्डिंग होईल म्हटल्यावर कसे हसले, माहितीये? पोट धरून! झग्याच्या गुंड्या तुटायच्या बाकी राहिल्या. "ओनेलिया, अगं त्याला स्टुडिओ लागतो, काचेच्या भिंती लागतात, गार हवेची मशिनं लागतात!" मी म्हटलं, बाबा, मला खोली लागते, ती माझ्याकडे आहे. मला गाद्या लागतात, त्या माझ्याकडे पडल्यात. आणि जिद्द लागते, ती तर मी शेजारपाजारी वाटली तरी उरेल! म्हटलं होतं की नाही? पण माझं ऐकतंय कोण!

आता हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं कसं? चिलोमामामुळे. चिलोमामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. अकॉर्डियन वाजवतो. आता आमच्या सांतियागो शहरात अकॉर्डियनवाले ढिगानं आहेत, गल्लीत दगड भिरकावला तर तिघांना लागेल, पण चिलोमामानं भाता उघडला ना, की खुडूक कोंबडीसुद्धा अंड्यांवरनं उठून कंबर हलवते! असा माणूस. लग्नं वाजवली, बारशी वाजवली, कोंबड्यांच्या झुंजी वाजवल्या, पुढाऱ्यांच्या सभा वाजवल्या, सगळ्या पक्षांच्या बरं का, भेदभाव नाही. आणि इतकं वाजवून रेकॉर्डिंग किती? एक नाही. एक टिपूस नाही! आणि आता त्याची न्यू यॉर्कची पोरगी म्हणते, "पप्पा, कागद झाले, तुम्ही इकडेच या कायमचे." कायमचे! त्या बर्फात! आधीच बोटांचे सांधे दुखतात, सकाळी कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरतो, तिथल्या थंडीत ती बोटं लाकडासारखी होणार, मग काय वाजवणार, दाराची बेल?

आणि त्याच्याकडे एक चाल आहे हो. त्याची स्वतःची. आमची मामी, फेफामामी, देव तिला शांती देवो, आणि देवालाही देवो, कारण ती तिथे गेल्यापासून देवाच्या कानाला आराम नसणार... ती अशी भांडायची! सकाळी चूल पेटायच्या आधी तिचं तोंड पेटायचं. आणि मामानं काय केलं असेल? उलट उत्तर? कधीच नाही. तिच्या भांडणावर चाल बांधली! ती म्हणायची "कुठे होतास, कुणाबरोबर होतास, किती प्यालास", तो ठेका जसाच्या तसा अकॉर्डियनवर! नाव ठेवलं 'फेफाची कटकट'. ऐकणारा नाचता नाचता आपोआप म्हणतो, "चुकलो बाई, माफ कर!" आणि शेवटी एक सूर येतो, लांबच लांब, भाता पार उघडून... तिथे फेफा गप्प बसते. एकदाची. मामी गेल्यापासून मामा तो सूर वाजवताना डोळे मिटून घेतो. ही चाल दुसऱ्या कुणाला येत नाही. कुणी शिकायला गेला तर म्हणतो, "आधी असली बायको कर, मग ये." म्हणजे मामा विमानात बसला की चाल गेली! झालं, संपलं, पुसलं! हे मला बघवेना. मी म्हटलं, मामा, तुम्ही जायच्या आत हे रेकॉर्ड करायचं.

तर आधी गेलो ना आम्ही रीतसर, शहरातल्या मोठ्या स्टुडिओत. गार हवा अशी की मामाला तिथेच न्यू यॉर्क झालं. तिथला तो टोपीवाला पोरगेलासा साहेब म्हणाला, "आजोबा, तुम्ही या काचेच्या खोलीत बसा, ढोलवाला त्या काचेच्या खोलीत, ग्विरावाला त्या तिकडच्या. आणि कानाला हे लावा, यात टकटक वाजेल, त्या टकटकीवर वाजवायचं." मामानं लावलं. थोडा वेळ वाजवलं. मग थांबला. म्हणाला, "बाळा, ही टकटक कोण करतंय?" "कॉम्प्युटर, आजोबा." "त्याला सांग माझ्याबरोबर चालायला, हा मागे राहतोय!" ...अहो, आमच्यात असं सुटंसुटं वाजवतच नाहीत! तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसतात. ढोलवाला अकॉर्डियनवाल्याच्या भुवयांकडे बघतो, भुवई उडाली की ठेका बदलायचा, हनुवटी वर गेली की थांबायचं. भुवया दिसल्या नाहीत तर वाजवायचं कसं? काचेतून आमचा पापो, ढोलवाला, मामाकडे बघायचा तर त्याला स्वतःचंच तोंड दिसायचं, आणि स्वतःच्या भुवईवर ठेका बदलायचा! फुकट गेला सगळा दिवस. बाहेर पडताना मामा म्हणाला, "राहू दे गं ओनेलिया. फेफा जिवंतपणी काचेत मावली नाही, आता काय मावणार?"

तिथेच, त्या पायरीवर, मी म्हटलं, मामा, मी करते स्टुडिओ. घरी!

नेमेसियो, म्हणजे माझा नवरा, ग्विरा वाजवतो तोच, ती पत्र्याची भोकाभोकाची नळी असते ना काट्यानं खरवडायची, ती... उभ्या जन्मात त्यानं मन लावून तेवढंच खरवडलं. करपलेल्या भाताचं पातेलं खरवड म्हटलं तर मात्र हाताला गोळे येतात! तो म्हणाला, "बायको, तू गाद्या शिवतेस." म्हटलं, हो, शिवते, जुन्या गाद्या उसवते, कापूस पिंजते, फोम भरते, दाभणानं टाके घालते आणि अख्ख्या वस्तीची पाठ सरळ ठेवते, मग? "नाही, म्हणजे... गादीवाली आणि स्टुडिओ..." बोल ना, बोल पुढे! ग्विरा उचलून बाहेर गेला. माझ्या हातात दाभण होतं.

आता सामान. युडेल्का, आमची पोरगी, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असते, तिला त्या वायरींतलं कळतं. तिनं एका बंद पडलेल्या इंटरनेटच्या दुकानातला कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटर कसला, दम्याचा म्हातारा! चालू केला की घूंऽऽ घूंऽऽ श्वास घ्यायचा, मधेच उचकी. मग त्याला खोलीच्या बाहेर बोळात ठेवला, म्हाताऱ्यांना वाऱ्यावरच ठेवावं, आणि वायरी दाराच्या फटीतून आत. मग एक डबी घेतली, पावाएवढी, तिच्यात माइकची वायर घालायची न् डबी कॉम्प्युटरला जोडायची. दोन माइक घेतले, नवे नाहीत, पण चर्चमधून आलेले, म्हणजे संस्कारी. माइकला स्टँड? जुन्या पंख्याचा उभा दांडा! माइकपुढे ती जाळी लावतात ना, तोंडाची फुस्सफुस्स अडवायला? माझा रविवारचा पायमोजा, भरतकामाच्या कड्यात ताणून बसवला. पाद्रीबाबा बघायला आले तेव्हा त्या पायमोज्यात तोंड घालून "हॅलो हॅलो" म्हणाले. मी मनातल्या मनात म्हटलं, हसले होते ना? घ्या वास!

आणि भिंती! सगळ्यांनी सांगितलं, अंड्यांचे ट्रे लावा, अंड्यांचे ट्रे लावा, सगळे तेच लावतात. रादामेस, आमच्या नाक्यावरचा वाणी, त्याच्या दुकानातले झाडून सगळे ट्रे आणले, पिठाची खळ करून भिंतीभर चिकटवले. फरक? शून्य! आवाज तस्साच घुमतोय, विहिरीत बोलल्यासारखा. वर खळ खायला मुंग्या आल्या, मुंग्या खायला पाली आल्या, पाली खायला मांजर आलं, आणि मांजराला हाकलायला नेमेसियो टेबलावर चढला तो टेबलासकट खाली आला. म्हटलं, हा स्टुडिओ आहे की सर्कस?

मग एक दिवस मी त्याच खोलीत गाद्या दुरुस्तीला लावून ठेवल्या होत्या, चारी बाजूंनी उभ्या, आणि मधे बसून कापूस पिंजत होते. युडेल्का दारात उभी राहून घसा फोडतेय, "आई! आईऽऽ! भात करपला!" आणि मला कुणीतरी शेजारच्या गावातून बोलतंय असं वाटलं. भात गेला! पण मी उभी राहिले आणि म्हटलं... माउली! आल्ताग्रासिया माउली! हेच की ते! टाळी वाजवली. नुसती टाळीच. तिच्यामागे शेपूट नाही, घुमणं नाही. वाजली, विरली!

मग काय विचारता! जेवढ्या गाद्या दुरुस्तीला आलेल्या तेवढ्या चढल्या भिंतीवर. दाभणानं सुतळी ओवली, कडीला बांधली, ताणली. छताला पत्रा आहे, त्याच्या खाली चार डबल गाद्या टांगल्या, झोपाळ्यासारख्या. दाराला एक सिंगल, आतून. आता त्या गाद्या माझ्या होत्या का? नव्हत्या. हा भाग जरा... असो. लोक यायला लागले. "ओनेलियाबाई, माझी गादी झाली का?" झाली ना. "मग न्यायची का?" नाही, ती भिंतीवर आहे. "अहो, माझा नवरा फरशीवर झोपतोय!" झोपू दे, पाठ सुधारते. "सासू कुरकुर करतेय!" ती गादीवरही करत होती. चिलोमामा जाईपर्यंत धीर धरा, मग न्या! वस्तीतली निम्मी माणसं जमिनीवर आली, तुम्हाला सांगते, पण चिलोमामाचं नाव काढलं की आपापली चटई अंथरायची. कारण त्यांच्याही लग्नात तोच वाजवायला होता ना.

तरी पहिल्या दिवशी काय व्हावं? पापोनं ढोलावर थाप मारली, की भिंतीतून उत्तर आलं, ट्वंऽऽग! पुन्हा थाप, पुन्हा ट्वंऽऽग! पापो घाबरला, म्हणाला फेफामामी आली. अरे मेल्या, कसली फेफामामी, स्प्रिंगा! दोन गाद्या स्प्रिंगांच्या निघाल्या, त्या ढोलाबरोबर गात होत्या. त्याच संध्याकाळी पोट फाडून स्प्रिंगा काढल्या, कापूस भरला, पुन्हा टाके. मालकिणीला सांगितलं, तुझ्या गादीला संगीताचा आजार होता, ऑपरेशन केलं.

आणि ढोल सगळ्यांच्या वर चढतो, अकॉर्डियनचं काही ऐकूच येऊ देत नाही. मग पापोभोवती गादी उभी केली, अर्धगोल, गळ्यापर्यंत. नुसतं मुंडकं वर. मुंडकं पाहिजेच, भुवया बघायच्या असतात ना! तो असा दिसायचा... बाथटबात बसून ढोल वाजवणारा माणूस बघितलाय कधी? तसा. ती गादी सारखी कलंडायची, म्हणून मी तिला पाठ लावून उभी राहायचे. म्हणजे गादीवाली म्हणून जन्म काढला, आता गादीची खुंटी झाले!

बरं, उकाडा? पत्र्याखाली, गाद्यांच्या पेटीत, खिडकी बंद, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. तिघे पुरुष आणि मी. आम्ही शिजत होतो, शिजत! केळीच्या पानात बांधल्यासारखे. नेमेसियोच्या हातातून ग्विरा मासळीसारखी निसटायची.

आता खरी पीडा ऐका. रादामेस. तो वाणी. माणूस चांगला, पण दुकानापुढे त्यानं कपाटाएवढे दोन स्पीकर उभे केलेत, का, तर गिऱ्हाईक बसून बिअर पितं म्हणून. सकाळपासून धडाऽम धडाऽम! आणि तो खालचा धडाऽम गाद्यांना भीक घालत नाही हो! माणसाचा आवाज अडतो, भांडण अडतं, मोटरसायकल अडते, पण तो धडाऽम भुतासारखा भिंतीतून चालत येतो. मी गेले त्याच्याकडे, म्हटलं, रादामेस, अर्धा तास बंद कर रे बाबा. "ओनेलियाबाई, संगीत बंद केलं तर गिऱ्हाईक उठून समोरच्याकडे जाईल. शिवाय तुम्ही पण संगीतच करताय ना? मग आमचं संगीत तुमच्या संगीतात मिसळू द्या!" म्हटलं, तुझ्या बिअरमध्ये मी डाळीचं पाणी मिसळते, चालेल?

पण एक वेळ अशी येते की रादामेसचे स्पीकर गप्प होतात. कधी? लाईट गेली की! दुपारचं जेवण झालं की आमच्याकडे लाईट जाते, रोज जाते, इमानदारीत जाते. रादामेसच्या इन्व्हर्टरवर नुसता बिअरचा फ्रीज चालतो, स्पीकर नाही. आणि आमच्या इन्व्हर्टरवर? दमेकरी कॉम्प्युटर! म्हणजे बघा, अख्खी वस्ती लाईट गेली की कपाळाला हात लावते, शिव्या देते, आणि ती वेळ आमची! मी म्हटलं, देवानं रेकॉर्डिंगसाठीच लाईट घालवायची सोय केलीय. नेमेसियो म्हणाला, "त्यासाठी नाही गं..." मी म्हटलं होतं, पण माझं ऐकतंय कोण!

तरी रोज काहीतरी आडवं यायचं. एक दिवस चाल निम्म्यावर आली न् गल्लीत भोंग्याची गाडी, "जुनी शेगडीऽऽ! जुना फ्रीजऽऽ! मोडकं लोखंड विकत घेऊऽऽ!" तो कर्णा गाद्या फाडून आत आला. दुसऱ्या दिवशी पापोच्या झुंजीच्या कोंबड्याला वाटलं सकाळ झाली. तिसऱ्यांदा सगळं जमलं, तर बाहेर आमचा इन्व्हर्टरच बसला. असं करता करता मामाचा जायचा दिवस उजाडला!

त्या दिवशी म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. विमानतळावर न्यायला गाडी दुपार कलली की येणार होती. मामाची ट्रंक दारात बांधून तयार. जेवणं झाली, आम्ही आपापल्या जागी, पापो टबात, मी खुंटीला... आणि लाईट जाईना!

जाईना म्हणजे जाईना! रोज मेली वेळेवर जाणारी, आज ठाण मांडून बसली! फ्रीज घुरघुरतोय, रादामेस धडाऽम धडाऽम करतोय, आणि मामा ट्रंकेकडे बघतोय. मी शेवटी बाहेर येऊन माउलीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. शेजारीण म्हणाली, "ओनेलिया, काय मागतेस?" म्हटलं, लाईट जाऊ दे म्हणून मागतेय. तिनं क्रूस काढला छातीवर. "लाईट येऊ दे म्हणून आख्खी वस्ती मेणबत्त्या लावते, आणि तू... बाई, तुझं डोकं फिरलंय का?" म्हटलं, तू उलटं काही मागू नको, गप तूही लाव एक!

आणि गेली! थाड! धडाऽम मधेच तुटलं. सगळ्या वस्तीनं एका तोंडानं "अऽऽरेऽऽ!" म्हणून शिव्या हासडल्या, आणि मी एकटी रस्त्यात उड्या मारतेय, "गेली! गेली! गेली गं माझी बाई!"

मग धावले गल्लीभर. नाक्यावर डोमिनो खेळणारे, सोंगट्या टेबलावर अशा आपटतात की जणू खिळे ठोकताहेत. त्यांना म्हटलं, अंडी ठेवल्यासारख्या ठेवा! आपटणाऱ्याची गादी मी जन्मात शिवणार नाही! म्हातारे चार बोटांनी सोंगट्या अलगद ठेवायला लागले, तोंडावर बोट ठेवून हरायला लागले. पापोचा कोंबडा घंगाळाखाली. भोंग्याची गाडी वळणावर येताना दिसली, मी रस्त्यात आडवी! "दादा, इंजिन बंद करा न् खाली उतरा, कॉफी घ्या." तो म्हणतो, "बाई, धंद्याचा वेळ..." म्हटलं, माझा मामा देश सोडून चाललाय, त्याचं शेवटचं वाजवणं आहे, भोंगा वाजवलात तर शेगडी नाही, तुम्हालाच मोडीत घालीन. उतरला बिचारा. टोपी काढून बसला. नेमेसियोला म्हटलं, तू जा, घरातली सगळी बटणं बंद कर, मग आत ये. मग मी आत, दार बंद, गादीला पाठ, चार्जिंगचा कंदील कोपऱ्यात, बाहेरून युडेल्कानं सुतळीला हिसका दिला, म्हणजे सुरू!

...मामानं वाजवलं.

काय सांगू तुम्हाला. ती बोटं! सकाळी कप धरवत नव्हता, आणि आता... फेफामामी आली खोलीत. एक हात कंबरेवर, दुसरा झग्याला पुसत. "कुठे होतास, कुणाबरोबर होतास..." पापोचं मुंडकं गादीवर डोलतंय, डोळे मामाच्या भुवयांवर, घाम नाकावरनं ठिबकतोय पण पुसत नाहीये. नेमेसियोनं, खरं ते खरं, आयुष्यात एवढी सुंदर ग्विरा कधी वाजवली नव्हती. मी तर गादीला टेकून रडत होते, आवाज न करता, आवाज न करता रडणं मला कधी जमलं नाही, पण त्या दिवशी जमलं. आणि मग मामाची हनुवटी वर गेली. पापो थांबला, ग्विरा थांबली. शेवटचा सूर. लांब. डोळे मिटलेले, भाता उघडतोय, उघडतोय, आणि फेफामामी गप्प व्हायला लागली...

तेवढ्यात, तुम्हाला सांगते, डोक्यावरचा बल्ब भक्कन पेटला, आणि...

"लाईऽऽट आऽऽलीऽऽ!"

बाहेर तर अख्खी वस्ती ओरडलीच! आमच्याकडे लाईट आली की म्हातारी, तान्ही, आजारी, सगळी ओरडतात, शिकवावं लागत नाही. पण तुम्हाला सांगते, ते रेकॉर्डिंग ऐका. बाहेरच्या शेकडो माणसांचा आवाज आत आलाय का? कण नाही! केसाएवढा नाही! अशा माझ्या गाद्या! म्हटलं होतं की नाही? पाद्रीबाबांना मुद्दाम ऐकवलं, ते कानाला लावून बसले, म्हणाले, "खरंच गं ओनेलिया, वस्ती ऐकूच येत नाही!" मग म्हणाले, "पण हा एक आवाज कुणाचा?"

कारण एक आवाज आहे. आतला. माइकच्या शेजारचा. त्या लांब सुराच्या ऐन पोटात. फाटका, कर्कश.

त्या वेळी तर काय गोंधळ! रादामेस पुन्हा धडाऽम, दारात विमानतळाची गाडी पों पों, पुन्हा वाजवायची सोयच नाही. मी ओरडले, कोण बोंबललं? पापो म्हणाला नेमेसियो. नेमेसियो म्हणाला पापो. युडेल्कानं हेडफोन मामाच्या कानाला लावला, पुन्हा वाजवून दाखवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई... बाईचा आवाज आहे." म्हटलं, मग तुझाच असणार! "मी बोळात होते, आई." म्हटलं, मग... मग काय... मामा ऐकत होता. त्याचा चेहरा बघून वाटलं, घालवली आपण. एवढ्या गाद्या टांगल्या न् घालवली! आणि मामा हसायला लागला. खांदे गदागदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. म्हणाला, "ओनेलिया, इतकी वर्षं मी ती शेवटी गप्प बसते असं वाजवत होतो. खोटं वाजवत होतो गं! फेफा कधी शेवटपर्यंत गप्प बसली होती? आता बरोबर झालं. याला कुणी हात लावायचा नाही!" आणि बसला गाडीत. भोंग्यावाल्यानं ट्रंक उचलून ठेवली.

आता न्यू यॉर्कला ते रेकॉर्डिंग लावतात. तिथे आपली माणसं जमतात, पोरीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. तिथे म्हणे लाईट कधी जातच नाही, बिचारे! आणि तो शेवटचा सूर आला की सगळे, लहानथोर, ताटं खाली ठेवून एकदम ओरडतात, "लाईऽऽट आऽऽलीऽऽ!" मामानं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बरं, जेवलात का?

आणि गाद्या? कुणी परत न्यायला तयार नाही! "ओनेलियाबाई, माझी राहू दे, चिलोच्या रेकॉर्डिंगमधली आहे ती!" फरशीवर झोपतात पण ऐटीत सांगतात. आता लांबलांबून वाजवणारे येतात, पार डोंगरातून येतात, आणि प्रत्येक जण जाताना टोपी हातात घेऊन म्हणतो, "बाई, आमच्याही शेवटी तुम्ही ते एकदा... ओरडाल का?" म्हणजे लाईट आलेली नसताना मी ओरडायचं! आणि ओरडते. काय करता.

आवाज माझाच आहे, मी कुठे नाही म्हणते? डोळ्यांपुढे बल्ब पेटला की माणूस ओरडणारच! जन्माची सवय आहे, ती काय गादीनं अडते? पण मुळात बल्ब पेटला का? लाईट गेली की बटण चालू का बंद कळत नाही, म्हणून तर हात लावून एकेक बटण बंद करायचं, आणि ते मी एका माणसाला स्पष्ट, आमच्या भाषेत, तोंडावर सांगितलं होतं! सगळी बटणं बंद कर म्हटलं होतं! त्या एका खोलीतलं, त्या एका बल्बचं बटण चालू ठेवणारा कोण? ते विचारा ना! मला काय विचारता? पेपरात छापायचं तर नाव नीट लिहून घ्या.

नेमेसियो!